आधी दार

मार्थाक्का गाडीत आधी बसायची आणि गाडी कुठं चालली आहे ते मग विचारायची. ही मी थट्टा करत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ठाणाकुशनूरचा बाजार उठला की परतीच्या बैलगाड्या वेशीपाशी उभ्या राहत. गाडीवान कोण, बैल कुणाचे, वाटेत गाडी कुठं वळणार, याची चौकशी करत आम्ही शहाणी माणसं उभी असायचो. तोवर मार्थाक्का मागच्या बाजूनं चढून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. गाडी हलली, गावाबाहेर पडली, की मग ती पुढं वाकून विचारायची, "का रं लेकरा, कुठं चाललीया गाडी?" बहुतेक वेळा ती आमच्या कोरेवाडीलाच निघालेली असे. नसली तर मार्थाक्का "बरं" म्हणायची आणि दोन दिवसांनी भलत्याच गावची ख्यालीखुशाली घेऊन परत यायची.

मिशनच्या भाषेत ती बायबलबाई. म्हणजे गावोगाव फिरून बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची, जमलं तर अक्षरओळख करून द्यायची आणि बाळंतिणीच्या उशाशी बसायचं. नवरा तरुणपणीच साथीत गेलेला, मूलबाळ नाही. ठेंगणी, रुंद, काळीसावळी बाई. चालायची अनवाणी, पण पिशवीत एक चपलांचा जोड कायम असायचा. देवळापाशी आली की त्या चपला घालायची, चार पावलं चालायची आणि दारात काढून ठेवायची. आम्ही ख्रिस्ती माणसंही प्रार्थनेच्या घराला देऊळच म्हणत असू. मी एकदा विचारलं, "अक्का, काढायच्याच तर घालता कशाला?" तिनं माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "पायात नसंल तर काढू काय मास्तर?"

मी उदगीरकडचा. बिदरला उर्दू शाळेत शिकलो आणि कोरेवाडीच्या मिशनशाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. निजामाचं राज्य होतं. उर्दूत अर्ज लिहिता येणारा माणूस म्हणून गावात मला मान होता, आणि मला तो आवडायचाही. स्वभावानं मी सावध. उन्हाळ्यातही छत्री घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. माझ्यासारख्याला मार्थाक्काच्या जोडीला काम करायला लावण्यात मिशनची काय दूरदृष्टी होती हे मला आजवर कळलेलं नाही.

तिच्या गाण्याचंच घ्या. सूर शोधणं, गळा साफ करणं हे तिला ठाऊकच नव्हतं. मी पेटीवर बोट ठेवायच्या आत तिनं गाणं उचललेलं असायचं, आणि तेही इतकं वर की दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी मंडळी गळपटायची. तिसऱ्या कडव्याला ती एकटीच उरायची. मी म्हणायचो, "अक्का, जरा खालून धरा." ती म्हणायची, "धरलं तवा खालीच होतं, मास्तर. वर कसं गेलं कुनास ठावं."

एकदा हुमनाबादला ती चुकीच्या मोटारीत बसली. जायचं होतं बिदरला, पोचली आळंदला, आणि तिथून कुणाच्या तरी गाडीनं निंबर्ग्याला. आठवडाभर पत्ता नाही. मी मिशनच्या साहेबांना कळवावं की थांबावं या विचारात असतानाच ती एक पाट घेऊन परत आली, म्हणजे शेळीचं पिल्लू. निंबर्ग्यात म्हणे एक बाई अडली होती आणि सुईण परगावी गेलेली. हिनं तिला सोडवलं, त्या घरानं पाट दिली. "मी चुकले असंन मास्तर," ती म्हणाली, "पर मला धाडनारा चुकला न्हाई." आता मार्थाक्का गेली नसती तरी ती बाई बाळंत झालीच असती असं माझं मत होतं. ते मी बोलून दाखवलं नाही, कारण पाट आमच्या अंगणात उभी होती आणि माझ्या धोतराचं टोक खात होती.

मार्थाक्काची आवडती गोष्ट एकच. देवाच्या लोकांना भरलेली नदी ओलांडायची होती. याजक, म्हणजे त्यांचे पुजारी, पुढं झाले, पण पाणी आधी हटलं नाही. त्यांचे पाय पाण्यात पडले, ओले झाले, आणि मग नदी थांबली. ही गोष्ट ती लग्नात सांगायची, मयतीत सांगायची, कुणाची गाय हरवली तरी सांगायची. शेवटी बोट वर करून म्हणायची, "आधी पाय भिजले, मग वाट झाली. हितं समदे काठावर बसून वाट कवा व्हतीया म्हनून बघायलेत."

एका श्रावणात नदीपलीकडच्या मेहकरला लग्न होतं. आम्ही मांजरेच्या काठी पोचलो तर नदीला पाणी चढलेलं. दहा-पंधरा माणसं काठावर बसून उतार पडायची वाट बघत होती. मीही धोतर आवरून एका दगडावर बसलो. मार्थाक्कानं पिशवी डोक्यावर घेतली आणि सरळ पाण्यात शिरली. नदी काही थांबली नाही. गुडघ्याचं पाणी कमरेला आलं, कमरेचं छातीला, आणि मग पिशवी एकीकडं आणि मार्थाक्का दुसरीकडं अशी निघाली. आम्ही काठावर नुसते ओरडत होतो. खालच्या अंगाला एक म्हातारा धनगर मेंढरं पाजत उभा होता. त्यानं घोंगडं टाकलं, पाण्यात उतरला, लांब काठी पुढं केली आणि तिला ओढून बाहेर काढली.

तो बिरप्पा. आमच्याच कोरेवाडीचा, पण तोवर त्याची-तिची नुसती तोंडओळख. तिला खडकावर बसवून तो म्हणाला, "अक्का, तुझी नदी तर न्हाई थांबली. वाट कुठं झाली?"

मार्थाक्का पदर पिळत होती. "झाली की," ती म्हणाली. "तू आलास की न्हाई काठी घिऊन?"

बिरप्पा त्या उत्तरावर आठवडाभर विचार करत होता. तो विचारच करणारा माणूस. घराण्याची मेंढरं जाऊन शेती आली होती, तरी थोडी मेंढरं त्यानं हौसेनं ठेवलेली. बिरोबाला कौल लावल्याशिवाय तो पाऊल उचलत नसे. देवाच्या अंगाला ओलं फूल चिकटवायचं, प्रश्न विचारायचा. उजवीकडं पडलं तर होकार, डावीकडं पडलं तर नकार. अडचण अशी की बिरप्पा जात्याच जपून काम करणारा. फूल तो इतकं नीट, दाबून चिकटवायचा की ते पडायचंच नाही. दुसऱ्या दिवशी तिथंच वाळायचं. त्यामुळं बिरप्पाचे कैक बेत वर्षानुवर्षं देवाच्या अंगाला चिकटून राहिले होते.

आमची प्रार्थना तेव्हा शाळेच्या छपरात व्हायची, आणि शाळा म्हणजे एका जमीनदाराचा जुना तबेला. पावसाळ्यात घोड्यांचा वास अजून यायचा. आमची ख्रिस्ती घरं मोजकी, सगळी मोलमजुरीची. गावात कुणाच्या उंबऱ्याच्या आत त्यांना कधी घेतलं गेलं नव्हतं. मार्थाक्काला एक देऊळ हवं होतं. दगडाचं, मोठं, असं काही नाही. "दार असावं," ती म्हणायची. "कुनीबी यावं आनि आत जावं. आपल्या मानसाला आत जायचं म्हंजी काय ते कळाया पायजे." हे बोलताना मात्र तिच्या आवाजात चेष्टा नसायची.

नदीच्या प्रसंगानंतर बिरप्पानं आमच्या ख्रिस्ती वस्तीला लागून असलेली आपली पडीक जागा, जिथं पूर्वी मेंढरं बसायची, ती देवळाला द्यायचं कबूल केलं. फक्त कौल मिळू दे म्हणाला. झालं. फूल चिकटलं. इकडं मी तहशिलीत उर्दूत अर्ज पाठवला, कारण प्रार्थनेची जागा बांधायला सरकारची परवानगी लागायची. तहशिलीनं विचारलं, मिशनची संमती कुठं आहे? मिशनच्या मोठ्या साहेबांना लिहिलं. ते म्हणाले, आधी सरकारची परवानगी येऊ दे. मी पुन्हा तहशिलीला लिहिलं. त्यांनी जागेच्या मालकाचं लेखी मागितलं. मालक म्हणाला, कौल मिळू दे. अशी दोन-तीन वर्षं गेली. माझं उर्दू फार सुधारलं.

मार्थाक्का अधूनमधून विचारायची, "मास्तर, सरकार न्हाई म्हनलं का?"

"नाही म्हणालं नाही. पण हो पण म्हणालं नाही."

"साहेब?"

"तेही नाही म्हणाले नाहीत."

"आनि बिरप्पाअण्णाचा देव?"

"फूल पडलं नाही."

"म्हंजी कुनीच न्हाई म्हनंना," ती म्हणाली. "न्हाई म्हनायचं काम देवाचं हाय, मास्तर. त्येनं म्हनलं तर आपुन ऐकू. त्याच्या आधी आपुन कामून म्हनायलाव?"

त्या हिवाळ्यात आम्ही बिदरला सभेला गेलो. मिशनच्या जुन्या बंगल्याची डागडुजी चालली होती आणि त्याचं पुढचं सागवानी दार, चौकटीसकट, गाडीखान्यात पडून होतं. साहेब भला माणूस. मराठी बोलायचा, पण प्रत्येक शब्द पारखून घेतल्यासारखा. मार्थाक्काला त्या दाराभोवती फिरताना पाहून तो हसत म्हणाला, "मार्थाबाई, तुमचं मंदिर तयार झालं की हे दार घेऊन जा." आणि चहाला आत गेला. चहा पिऊन बाहेर आला तेव्हा गाडीखाना रिकामा होता. मार्थाक्का दारावर बसून भालकीच्या रस्त्याला लागली होती. ज्या गाडीवर ते दार लादलं होतं ती कोरेवाडीला जाणार की नाही हे तिनं विचारलं होतं की नाही, देव जाणे.

आमच्याकडं घर बांधताना चौकट बसवण्याचा एक वेगळाच मान असतो. चौकट उभी राहिली की घर सुरू झालं. पण त्याआधी निदान पाया तरी खणतात. मार्थाक्कानं सुताराला बोलावलं, वस्तीतल्या माणसांकडून एक दगडी उंबरा ओढून आणवला आणि बिरप्पाच्या जागेत, मोकळ्या आभाळाखाली, ती चौकट उभी केली. दोन बाजूंना दगडांचे टेकू, मधे कडीकोयंड्यासकट दार. डावीकडं बाभळ, उजवीकडं कडब्याची गंजी, मागं रान. भिंत नावाला नाही.

बिरप्पा घोंगडं सावरत आला. "अक्का, कौल न्हाई मिळाला अजून."

"न्हाई म्हनून तरी कुठं मिळालाय, अण्णा?"

बिरप्पानं पुन्हा विचार करायला सुरुवात केली. त्याचा थोरला मुलगा मल्लप्पा तेव्हा मिसरूड फुटलेला, डोक्यानं गरम. तो चौकट उपटायलाच निघाला होता. बिरप्पानं त्याला धरलं. म्हणाला, "थांब. उपटायचाबी कौल घ्यावा लागंल."

पुढच्या रविवारपासून प्रार्थना तिथं भरू लागली. मार्थाक्काचा नियम कडक. चपला बाहेर, आणि आत यायचं ते दारातूनच. कुणी बाजूनं आलं तर ती गाणं थांबवून म्हणायची, "भितीतनं कुठं यायलास रं?" माणूस ओशाळून मागं फिरायचा, वळसा घालून दारातून यायचा. आणि प्रार्थना सुरू झाली की ती दार लावून आतून कडी घालायची. एकदा मला उशीर झाला. मी छत्री घेऊन मोकळ्या रानात त्या बंद दारासमोर उभा. दोन्हीकडून सगळी मंडळी दिसत होती, मंडळींना मी दिसत होतो. बाजूनं चार पावलं टाकली असती तर आत. पण माझी काही हिंमत झाली नाही. मी कडी वाजवली.

"कोन हाय?" मार्थाक्कानं विचारलं. माझ्याकडं बघतच विचारलं.

"मी."

"मी कोन? नाव न्हाई का?"

मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, मग दार उघडलं. वस्तीतली माणसं पदरात तोंड लपवून हसत होती. गावानं आजवर त्यांनाच बाहेर ताटकळत ठेवलं होतं. आज मास्तर बाहेर होता आणि ती आत होती. त्या हसण्याचं मला वाईट वाटलं नाही.

ही बातमी तालुक्याला जायला वेळ लागला नाही. एक दिवस अमीनसाहेब, म्हणजे आमच्या भागाचे पोलीस अधिकारी, घोड्यावरून आले. बरोबर एक शिपाई. मी धावत गेलो. माझ्या सगळ्या अर्जांच्या नकला माझ्या बगलेत होत्या. मार्थाक्का तिथं झाडत होती.

"गिरजा किधर है?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"ह्ये काय साहेब, तुमच्या म्होरं."

"ये तो दरवाजा है."

"व्हय."

"और बाकी?"

"बाकीचं यायलंय," मार्थाक्का म्हणाली.

अमीनसाहेबांनी घोडा जरा पुढं घेतला, मागं घेतला. "अम्मा, बिगर इजाजत इमारत बांधना जुर्म है. मालूम?"

"मालूम हाय की. पर इमारत कुठं हाय साहेब? असली तर दावा. मलाबी लई दिवसापून बघायची हाय."

शिपाई पाहणी करायला बाजूनं आत शिरला. मार्थाक्कानं केरसुणी उगारली. "ए बाबा, भितीतनं कुठं यायलास? दारातनं ये." आणि सरकारी पट्टा लावलेला तो माणूस खरंच थांबला, मागं गेला आणि दारातून आला. अमीनसाहेब ते बघत होते. मग ते खाली उतरले. दारापाशी आले, थोडे घुटमळले आणि बूट काढले. आत आले, मान वर करून आभाळ पाहिलं, चारी दिशांना पाहिलं. त्यांच्या मिशीला हसू फुटत होतं, पण हुद्द्यामुळं ते बाहेर येईना.

"छत कायकू नै अम्मा?"

"छत तुमी द्यायचं, साहेब. मास्तरनं कवाचा अर्ज धाडलाय."

मी नकला पुढं केल्या. त्यांनी त्या घेतल्या नाहीत. चटईवर बसले, मार्थाक्कानं दिलेला गुळाचा चहा प्याले आणि निकाल दिला. वरून हुकूम येईपर्यंत इथं नवीन काही बांधायचं नाही, आणि जे आहे ते काढायचंही नाही. दरवाजा जसाच्या तसा राहिला पाहिजे. मला वाटलं, संपलं. पण मार्थाक्काचा चेहरा खुलला होता. मल्लप्पा त्या बाजूनं चालला होता, त्याला तिनं हाक मारली. "मल्लू, ऐकलास का? सरकारचा हुकूम झालाय. दार काढायचं न्हाई."

वरून हुकूम कधी आलाच नाही. दार तसंच राहिलं. ऊन, पाऊस खाऊन काळं झालं. वस्तीतली लग्नं त्याच दारातून लागली, लेकरांची नावं तिथंच ठेवली गेली. मोठी माणसं बाजूनं जायची विसरली आणि लहान मुलं तर तिथं भिंत नाही हे न कळताच मोठी झाली. गावातल्या इतर लोकांनाही सवय लागली. चरून परतणारी गुरंसुद्धा गुराखी वळसा घालून न्यायचे. बिरप्पा म्हातारा झाला तसा रोज दुपारी येऊन आत बाभळीच्या सावलीत बसायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, अजून कौल लागलेला नाही. अमीनसाहेब दर हिवाळ्यात हुकमाची अंमलबजावणी तपासायला म्हणून यायचे, दार ठोठावायचे, नाव सांगायचे, चहा प्यायचे. नोकरी संपल्यावर ते ठाणाकुशनूरलाच राहिले, तरी येणं सुटलं नाही.

मग ते वाईट साल आलं. रझाकारांच्या धाकानं गावंच्या गावं सरहद्दीपलीकडं गेली. आमच्या शाळेचं छप्पर जळालं. मल्लप्पाचा मेहुणा त्या उन्हाळ्यात मारला गेला, त्याचं प्रेत मल्लप्पानंच गाडीतून आणलं. पावसाळा सरता सरता हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामाचं राज्य संपलं, आणि वारा उलटा फिरला. ज्यांनी काही केलं त्यांच्यातले पुष्कळ पळून गेले होते. राहिले होते ते साधे लोक, आणि सूड त्यांच्यावर निघायला लागला.

शनिवारची दुपार होती. मी आणि मार्थाक्का रविवारसाठी चटया झटकत होतो. बिरप्पा त्याच्या जागी बसलेला. इतक्यात रानातून अमीनसाहेब आणि त्यांची बीबी येताना दिसले. पायी, एक गाठोडं घेऊन. अमीनसाहेबांची टोपी कुठं तरी पडली होती. टोपीशिवाय मी त्यांना प्रथमच पाहिलं. त्यांच्या मागं लांबवर धूळ दिसत होती.

"अम्मा," ते म्हणाले, आणि मागं बोट दाखवलं.

मी म्हणालो, "अक्का, तुमच्या खोलीत नेऊ. नाही तर पांदीतून खाली..." मी वाटा मोजत होतो. मार्थाक्कानं धुळीकडं एकदा पाहिलं. वस्तीपर्यंत पोचायला वेळ नव्हता. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "आत या." दोघांनी पायताणं काढली. अशा वेळीही काढली. तिनं त्यांना बिरप्पाशेजारी चटईवर बसवलं, दार लावलं आणि कडी घातली.

मोकळ्या रानात आम्ही पाच माणसं बसलो होतो आणि आमच्यासमोर एक बंद दार होतं. मी म्हणालो, "अक्का, हे काय? सगळं दिसतंय."

"दिसू द्या," ती म्हणाली. "पाय तर भिजले."

ती माणसं आली. पंधरा-वीस असतील. काठ्या, एक-दोन कुऱ्हाडी. बरीचशी आमच्या गावची, थोडी परगावची. पुढं मल्लप्पा. दारासमोर येऊन ते थबकले. दोन्ही बाजूंनी आम्ही त्यांना दिसत होतो. मल्लप्पानं बापाला पाहिलं, अमीनसाहेबांना पाहिलं, आणि काठीनं दार ठोकलं.

"कोन हाय?" मार्थाक्कानं विचारलं. आवाज रविवारचाच.

बाहेर माणसं एकमेकांकडं बघू लागली.

"कोन हाय म्हनते मी. नाव न्हाई का?"

"...मल्लप्पा."

"कोन मल्लप्पा?"

"बिरप्पाचा."

"बिरप्पाचा मल्लप्पा. बरं. संगं कोन हाय?"

कुणीतरी हळूच आपलं नाव सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं, बापाचंही सांगितलं. मागच्या काहींनी पाळी यायच्या आत पाठ फिरवली. परगावचा एक गडी वैतागला. "काय येड्यावानी करायलाव रं," म्हणत तो कुऱ्हाड घेऊन बाजूनं आत यायला निघाला.

"तिकडनं न्हाई," मल्लप्पा ओरडला. "तिथं भित हाय."

तो गडी थांबला. त्यानं समोर पाहिलं. समोर कुसळी गवत होतं आणि त्यात एक टोळ उडत होता. त्यानं मल्लप्पाकडं पाहिलं. आमच्या गावचे सगळे त्याच्याकडं असे बघत होते, की त्याला पुढं पाऊल टाकवेना. आणि आपण काय बोलून गेलो हे मल्लप्पाच्या ध्यानात येत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. बिरप्पा आतून शांतपणे म्हणाला, "मल्ल्या, यायचं तर काठी भाईर ठिव."

मग परगावची माणसं शिव्या देत निघून गेली. मल्लप्पानं काठी चौकटीला टेकवली, वहाणा काढल्या. मार्थाक्कानं कडी काढली. तो आत आला, बापाजवळ बसला आणि मेहुण्याचं नाव घेऊन रडायला लागला. अमीनसाहेबांची बीबीही रडत होती. मग मार्थाक्कानं गाणं उचललं, नेहमीसारखंच फार वर. दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही सगळे गळपटलो. संध्याकाळी उठताना बिरप्पा म्हणाला, "मिळाला कौल. उजवा." फूल त्यानं लावलंच नव्हतं.

भिंती पुढं दोन वर्षांनी झाल्या. परवानगी सहज मिळाली, मी अर्ज मराठीत केला. पाया आखताना गवंड्याला दोरी लावायची फारशी गरज पडली नाही. भिंत कुठून कुठं जाते हे वस्तीतल्या कुठल्याही पोराला सांगता येत होतं. पण ते बघायला मार्थाक्का नव्हती. बिदरला विधवा आणि पोरक्या पोरांसाठी एक घर उघडलं होतं, खाटा यायच्या आधीच ती तिथं कामाला लागली, आणि एका हिवाळ्यात तापानं गेली. मला निरोप उशिरा मिळाला. मी छत्री न घेताच निघालो, तरी वेळेवर पोचलो नाही. त्याचं दुःख अजून आहे.

मला ती दिसते ती त्या शनिवारनंतरच्या सकाळची. अमीनसाहेबांना आणि त्यांच्या बीबीला बिदरला पोचवायचं ठरलं होतं. गाडी मल्लप्पानंच जुंपली. वाटेत काय असेल, नाके कुठं असतील, कुणाच्या गावातून जावं, कुठल्या वेळी, याचा मी आणि बिरप्पा उभ्यानं खल करत होतो. "आणखी दोन दिवस थांबलो तर बातमी कळेल," असं मी म्हणत होतो. मागं वळून पाहतो तर मार्थाक्का पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसलेली.

"अक्का, तुम्ही कुठं?"

"दार लावू नका, मास्तर," ती म्हणाली. "कुनी यील."

मल्लप्पानं बैलांच्या शेपट्या पिळल्या. गाडी दारावरून गेली, बाभळीपाशी वळली, वेशीला लागली. मी तिथंच उभा होतो. गाडी लांब गेल्यावर मार्थाक्का पुढं वाकलेली दिसली, आणि सकाळच्या शांततेत तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"का रं मल्लू, कुठं चाललीया गाडी?"

"बिदरला, अक्का."

"बरं," ती म्हणाली, आणि पाय पसरून नीट बसली.